हायकोर्टचा घुमट कोणाचा? जुन्या काळचे आर्किटेक्ट तयार कसे व्हायचे?

ट्रेसरचा_नातू

मंडळी, नागपुरात महाल भागातलं जुनं घर रिकामं करून राहिलोय. माळ्यावर पत्र्याची पेटी निघाली, त्यात आजोबांचा ड्रॉइंगचा डबा. आत निळी मखमल, खाचेत बसवलेले दोन रुलिंग पेन, डिव्हायडर, छोटा कंपास, आणि एक खाच रिकामी. सोबत पत्र्याचं एक नळकांडं आहे आणि त्यात गुंडाळलेलं पिवळट कापड. अजून उघडलं नाही, कडक झालंय, फाटेल असं वाटतं.

आजोबा सरकारी बांधकामाच्या ऑफिसात ट्रेसर (मूळ नकाशावर कापड ठेवून शाईने नक्कल काढणारा) म्हणून लागले, रिटायर होताना हेड ड्राफ्ट्समन होते. आजी आम्हाला कायम सांगायची की सिव्हिल लाइन्समधल्या हायकोर्टचा नकाशा तुमच्या आजोबांनी काढला. मी शाळेत सगळ्यांना हेच सांगत फिरायचो आणि सहलीला बस तिथून गेली की कॉलर ताठ. मोठा झाल्यावर कळलं की हायकोर्टचा आर्किटेक्ट हेन्री मेड नावाचा इंग्रज होता. जानेवारी १९३७ ला पायाभरणी, जानेवारी १९४० ला व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगोच्या हस्ते उद्घाटन, खर्च साधारण ७.३७ लाख. आजोबांचं नाव अर्थातच कुठेच नाही.

आजी खोटं बोलायची असं मला वाटत नाही, पण डोक्यात एक किडा वळवळतोय. त्या काळी ज्याचं नाव इमारतीला लागतं तो माणूस नेमका कुठे तयार व्हायचा? कॉलेजात, साहेबाच्या हाताखाली, की ओळखीने? आणि आजोबांसारखा माणूस, ज्याचा हात म्हणे इतका स्वच्छ होता की साहेब लोक मुद्दाम त्याच्याकडेच काम द्यायचे, तो ट्रेसिंगच करत का राहिला? इथे बरेच जाणकार आहेत, लिहा जरा.

सावजी_तर्री

वशिला. चला, धागा बंद करा 😄

काळी_शाई

तर्रीभाऊ, तुम्ही गंमत केली पण अर्धं उत्तर तेच आहे. थोडं लांब लिहिते, चहा घेऊन बसा.

आपण आज आर्किटेक्ट म्हटलं की पाच वर्षांचं कॉलेज धरतो. मेडच्या आधीच्या पिढीत इंग्लंडात तसं काही नव्हतंच. सीए करणाऱ्या पोरांची आर्टिकलशिप असते ना, अगदी तशीच आर्किटेक्टचीही असायची, फरक इतकाच की स्टायपेंड मिळायचा सोडून बापाला उलट साहेबाला पैसे भरावे लागायचे. मग पोरगं काही वर्षं त्या ऑफिसात बसून नकाशांच्या नकला करायचं, साइटवर जायचं, पेन्सिली तासायचं. १८८२ पासून तिथल्या आर्किटेक्टांच्या रॉयल इन्स्टिट्यूटने मेंबर व्हायला परीक्षा सक्तीची केली, पण मेंबर न होता धंदा करायला कोणाची ना नव्हती.

आता नवी दिल्लीवाला ल्युटेन्स बघा. साउथ केन्सिंग्टनच्या आर्ट स्कूलमध्ये दोनेक वर्षं गेला, कोर्स पुरा केला नाही. मग अर्नेस्ट जॉर्ज अँड पीटो या ऑफिसात थोडे दिवस काढले आणि १८८९ मध्ये, विशीत, स्वतःची प्रॅक्टिस टाकली. त्याच ऑफिसात हर्बर्ट बेकर होता. बेकर १८९२ ला दक्षिण आफ्रिकेत गेला, तिथे सेसिल ऱ्होड्स या बड्या राजकारण्याची ओळख झाली आणि त्या ओळखीवर त्याचं अख्खं करिअर उभं राहिलं, प्रिटोरियाच्या युनियन बिल्डिंग्जपर्यंत. ल्युटेन्सची बायको म्हणजे लॉर्ड लिटनची मुलगी, एका माजी व्हाइसरॉयची! ल्युटेन्सच्या हातात कला होती यात वाद नाही, पण बंगले बांधून घेणाऱ्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यात त्याचा वावर होता हेही तेवढंच खरं.

मेड या दोघांच्या नवी दिल्लीच्या टीममधला. म्हणजे त्याची खरी शाळा दिल्लीची साइटच. तिथलं कथीड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन त्याचं, सेक्रेड हार्ट कथीड्रलही त्याचंच. नागपूरचं हायकोर्ट नीट बघितलं तर दिल्लीचा वास येतोच, तो घुमट, त्या लांबलचक सपाट भिंती. राजधानी बांधायच्या कामात तयार झालेला माणूस होता आणि एका प्रांताच्या राजधानीला हायकोर्ट हवं होतं. नागपूर हायकोर्ट स्थापनच १९३६ मध्ये झालं, म्हणजे काम निघालं तेव्हा हा माणूस दिल्लीत सगळं शिकून तयार होता. १९३९ ला तर तो भारत सरकारचा चीफ आर्किटेक्ट झाला.

उपअभियंता_सेवानिवृत्त

काळी शाई ताई, तुम्ही इंग्लंडचं सांगितलं. आता आपल्याकडचं मी सांगतो, ३४ वर्षं याच लायनीत काढली.

मुळात इथे आर्किटेक्ट ही जातच नव्हती, होते ते इंजिनियर. कचेरी बांधायची असो, तुरुंग असो, पूल असो, तोच साहेब सगळं करायचा. मुंबईचं जुनं सेक्रेटरिएट कर्नल विल्किन्सचं, मुंबई हायकोर्ट कर्नल फुलरचं, दोघेही फौजेतले इंजिनियर. सरकारला निराळा कन्सल्टिंग आर्किटेक्ट हवा हे वरच्या साहेबांना सुचायला १९०२ उजाडलं, तेव्हा जेम्स रॅन्समला आणलं, त्याच्यामागून जॉन बेग आला.

इंजिनियरांतही पायऱ्या. मोठ्या साहेबांसाठी इंग्लंडातच कूपर्स हिलला खास कॉलेज काढलं होतं, १८७२ ते १९०६ चाललं. इथे रुरकी १८४७ चं, पुण्याचं १८५४ चं. आता ही दोन कॉलेजं निघाली कशासाठी? ओव्हरसियर, सब-ओव्हरसियर, मिस्त्री लोकं हवी होती म्हणून. साहेबाचा हुकूम समजेल, माप घेईल, हजेरी ठेवेल इतपत शिकवा, असा हिशोब. त्यातनं वर येणारे आलेच, विश्वेश्वरय्या पुण्यालाच शिकले, १८८३ ला पहिले आले आणि पुढच्याच वर्षी असिस्टंट इंजिनियर म्हणून लागले. पण पहिला नंबर आला म्हणून. पन्नासावा नंबर आलेला कुठं गेला ते कोणी लिहून ठेवत नाही.

आपल्या नागपूरचं इंजिनियरिंग स्कूल १९१४ चं, आजचं गव्हर्मेंट पॉलिटेक्निक. तुमचे आजोबा तिथलेच असणार. तिथून निघालेल्या पोराची वाट ठरलेली, ट्रेसर, ड्राफ्ट्समन, हेड ड्राफ्ट्समन. ते शेवटापर्यंत गेले म्हणजे चांगलेच गेले हो. यात अन्याय वगैरे शोधू नका.

थर्ड_इयर_आणि_थकलेला

काका पण हाच तर अन्याय ना 😅 अॅडमिशनच्या दिवशीच ठरलं की हा कितवीपर्यंत चढणार.

उपअभियंता_सेवानिवृत्त

बाळा, तुझी सबमिशन झाली का?

थर्ड_इयर_आणि_थकलेला

नाही 🙏

वऱ्हाडी_कापूस

एक गोष्ट सगळे विसरून राहिले. शिक्षण बिक्षण ठीक आहे पण काम निघाल्याशिवाय आर्किटेक्ट होणार कुठून? आणि काम निघालं पैशामुळे. अमेरिकेत यादवी युद्ध झालं १८६१ ते ६५, तिकडचा कापूस बंद, मग इकडच्या कापसाला सोन्याचा भाव. त्यात आपला वऱ्हाडातला कापूस आला, हिंगणघाटचा आला. त्याच पैशावर मुंबईच्या इमारती उभ्या राहिल्या. म्हणून मुंबईवाले गॉथिक गॉथिक करतात तेव्हा मला हसू येतं, बे तुमच्या कमानीत आमची सरकी आहे. नागपूरहून रेल्वेत भरभरून कापूस गेला तेव्हा कुठे ते दिसून राहिलं.

गिरगावकर

मुंबईवाला हजर आहे 🙋 सरकीचे आभार. पण भाऊ एक दुरुस्ती. नागपूरला रेल्वे आली १८६७ मध्ये आणि कापसाचा फुगा १८६५ मध्येच फुटला. तेजीच्या वर्षांत तुमचा कापूस बैलगाड्यांवरून रेल्वेच्या टोकापर्यंत यायचा. मुद्दा मात्र सोळा आणे बरोबर.

तेव्हा बार्टल फ्रिअर गव्हर्नर होता, त्याने किल्ल्याचा कोट पाडायला घेतला, एकदम मोकळी जागा आणि एकदम पैसा. आता यात कोण कसं घुसलं ते बघण्यासारखं आहे. विल्यम बर्जेस म्हणून लंडनचा बडा आर्किटेक्ट, त्याने जेजे स्कूल ऑफ आर्टसाठी डिझाइन केलं. ते घेऊन त्याचा शिष्य विल्यम इमर्सन मुंबईला आला. डिझाइन महाग पडतंय म्हणून बासनात गेलं, गुरूचं काम गेलं, पण शिष्य इथेच थांबला! क्रॉफर्ड मार्केट मिळालं, मग अलाहाबादचं मोठं कथीड्रल, आणि पुढे लंडनला जाऊन रॉयल इन्स्टिट्यूटचा प्रेसिडेंट झाला, कलकत्त्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल त्याचंच. लंडनमध्येच राहिला असता तर बर्जेसच्या ऑफिसातल्या चार पोरांपैकी एक राहिला असता.

दुसरा आमचा व्हीटीवाला, म्हणजे आताच्या सीएसएमटी स्टेशनवाला, स्टीव्हन्स. इंग्लंडातल्या बाथ गावात तिथल्या सिटी आर्किटेक्टकडे आर्टिकल केली, १८६७ ला पीडब्ल्यूडीत इंजिनियर म्हणून लागला, आधी पुणे मग मुंबई. म्हणजे कागदावर इंजिनियर, हात आर्किटेक्टचा. जीआयपी रेल्वेने त्याला मागून घेतला आणि व्हीटी काढायच्या आधी दहा महिने युरोपातली स्टेशनं बघायला सोडला. दहा महिने पगारी! आज कोण क्लायंट देतो सांगा. १८७८ ला काम सुरू, दहा वर्षं चाललं. आणि नातूसाहेब, तुमच्यासाठी मुद्दाम, व्हीटीच्या कामावर स्टीव्हन्सच्या हाताखाली सीताराम खंडेराव आणि जनार्दन हे आपले लोक होते. नक्षीकामात जेजेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. व्हीटी बघायला येणाऱ्या दहा हजारांतला एकही जण ही नावं सांगणार नाही.

एक नाव मात्र राहिलं, मंचरजी मर्झबान. कोट पाडायच्या कमिटीत ट्रबशॉ नावाच्या आर्किटेक्टचा असिस्टंट म्हणून सुरुवात, पुढे म्युनिसिपालिटीचे एक्झिक्युटिव्ह इंजिनियर, कामा हॉस्पिटल त्यांचं. व्हीटीजवळ त्यांच्या नावाचा रस्ता आहे. एतद्देशीय माणूस इतका वर गेला कारण ऐन वीस-पंचविशीत तो योग्य टेबलापाशी होता आणि शहरात एकाच वेळी पन्नास कामं निघाली होती. गोऱ्या साहेबांना माणसं पुरतच नव्हती.

वऱ्हाडी_कापूस

बैलगाडीची दुरुस्ती मंजूर. पण कापूस आमचाच.

थर्ड_इयर_आणि_थकलेला

हे शिकागोसारखंच झालं. आम्हाला हिस्ट्रीत आहे. १८७१ ला आग लागून शहराचा मधला भाग खाक, मग जो पेन्सिल धरू शकतो त्याला काम. डॅनियल बर्नहॅम हार्वर्ड आणि येल दोन्हीच्या एन्ट्रन्सला नापास झालेला, मधे नेवाडात खाणीचा नाद केला, निवडणूक लढवून हरला, मग आर्किटेक्टच्या ऑफिसात चिकटला आणि पुढे अख्ख्या शहराचा प्लॅन केला. तिथलाच दुसरा मोठा आर्किटेक्ट लुई सलिव्हन एमआयटीत एक वर्ष, मग फिलाडेल्फियात नोकरी, तिथे १८७३ च्या मंदीत हाकलला, म्हणून शिकागोला आला, मग पॅरिसच्या बोझार्ट या कलाशाळेत थोडे महिने जाऊन परत. दोघांकडे पूर्ण डिग्री नाही. हे मी घरी सांगितलं तर बाबा म्हणाले तू आधी पास हो 😭

काळी_शाई

बाबा बरोबर बोलले. बर्नहॅमच्या वेळी शहर जळालं होतं, तुझ्या वेळी फक्त मॉडेल जळालंय.

मस्करी बाजूला. शिकागो आणि मुंबईचं साम्य पटलं, पण एक फरक आहे आणि तो नातूंच्या प्रश्नाला लागून आहे. बर्नहॅम नापास झाला तरी दार त्याला उघडं होतं, कारण दारावर बसलेला माणूस त्याच्यासारखाच होता. आपल्याकडे कागद नसेल तर दारच नाही. म्हणून आपल्या लोकांना शिक्षण जास्त लागलं.

आता जेजेचीच गोष्ट घ्या, मी तिथलीच. तिथे आर्किटेक्चर सुरू झालं तेच १८९६ ला ड्राफ्ट्समनचा वर्ग म्हणून. काका म्हणतात तेच, साहेबांच्या ऑफिसांना नकाशे काढणारे हात हवे होते. मग बेग आणि विटेट, म्हणजे जीपीओवाले आणि गेटवेवाले, यांनी त्यात लक्ष घातलं, पुढे रॉबर्ट केबल प्रोफेसर म्हणून आले आणि १९२३ पासून क्लॉड बॅटली. पोरं दिवसा कुठल्या तरी ऑफिसात राबायची आणि सकाळ-संध्याकाळ वर्गात बसायची. बॅटली विद्यार्थ्यांना जुन्या देवळांची, वाड्यांची मापं घ्यायला पाठवायचा. आणि झालं काय, ड्राफ्ट्समन तयार करायला काढलेल्या वर्गातून आर्किटेक्टच निघायला लागले! १९१७ ला तिथल्याच पोरांनी संघटना काढली, विटेट पहिले अध्यक्ष, तीच १९२९ ला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. त्यातून ग. बा. म्हात्रे आले, जेजे करून लंडनला जाऊन आले. ओव्हल मैदानासमोरचं एम्प्रेस कोर्ट त्यांचं. १९३६ ला पेरिन मिस्त्री डिप्लोमा घेऊन बाहेर पडल्या, देशातल्या पहिल्या आर्किटेक्ट बाई. पण पेरिनबाईंच्या वडिलांचीच फर्म होती बरं. तोच डिप्लोमा घेऊन एखादी ओळखीपाळखी नसलेली मुलगी बाहेर पडली असती तर कुठे टेकली असती?

आणि हे काही १९३६ चंच नाही. मी पास झाले तेव्हा एका फर्ममध्ये, नाव नको, वर्षभर टॉयलेट डिटेल्स काढले. फक्त टॉयलेट. टाइलचा सांधा कुठे येतो यावर मी पीएचडी करू शकते. शीटवर नाव सिनियरचं. तो चेक करायलाही यायचा नाही, सही तेवढी करायचा.

सावजी_तर्री

ताई, तुम्ही डिझाइन केलेल्या टॉयलेटचं स्मरण करून आज मी नतमस्तक होईन.

काळी_शाई

कृपया उभ्यानेच करा.

बर्डीकर

हसून हसून चहा सांडला.

मला एक कळत नाही, मग नागपूरचे स्वतःचे आर्किटेक्ट कुठे गेले? इथे तर राजधानी होती. स्टेशन बघा, १९२५ चं, सावनेरच्या दगडाचं. विधान भवन, हायकोर्ट, जीपीओ, एवढी कामं झाली. मुंबईसारखं इथे काही का नाही उगवलं?

उपअभियंता_सेवानिवृत्त

बर्डीकर, चांगला प्रश्न. कामं झाली पण सगळी सरकारची. मुंबईत सरकार होतं, रेल्वे होती, म्युनिसिपालिटी होती आणि वर पारशी, भाटिये, गुजराती शेठ होते. एक दार बंद झालं तर दुसरं. शेठ लोकांनी चाळी बांधल्या, सिनेमा टॉकीज बांधल्या, त्यावर आपला डिप्लोमावाला जगला. नागपुरात शेठ होते, पण मिलचं काम इंजिनियर करायचा (एम्प्रेस मिल १८७७ ची, टाटांची) आणि घराचं काम मिस्त्री करायचा. मधल्या माणसाला पोटाला काय? मोठं काम निघालं की माणूस दिल्लीहून. नकाशा वरून यायचा, इथे व्हायचं ट्रेसिंग आणि बांधकाम.

बंगाल नागपूर रेल्वेचं बघा. नाव नागपूरचं, हेडऑफिस कलकत्त्याला गार्डनरीचला, ते व्हिन्सेंट एश नावाच्या साहेबाने केलं. आपल्या वाट्याला आलं ते नाव आणि मोतीबागेतली छोटी लाइन.

आणि मग १९५६. भाषावार प्रांतरचना झाली, राजधानी गेली भोपाळला. मी लहान होतो, पण घरात बोलणं आठवतं, शेजारची तीन कुटुंबं सामान बांधून भोपाळला गेली. फायली गेल्या, माणसं गेली, कामंही गेली. आपल्या वाट्याला हिवाळ्यातलं अधिवेशन. नवी सचिवालयं, नवी आमदार निवासं, नवी विद्यापीठं सगळं तिकडं. ज्या वयात एखादा पोरगा ड्राफ्ट्समनचा आर्किटेक्ट झाला असता, नेमकं तेव्हाच इथलं काम आटलं. व्हीआरसीई, आपलं इंजिनियरिंग कॉलेज, निघालं १९६० ला.

बर्डीकर

मग दीक्षाभूमीचा स्तूप?

उपअभियंता_सेवानिवृत्त

ते निराळं. ते लोकांनी उभं केलेलं काम. शेओ दान मल यांचं डिझाइन, १९७८ ला सुरू होऊन २००१ ला लोकार्पण. तेवीस वर्षं! वर्गणी येईल तसं बांधकाम. सरकारी चौकटीबाहेर मोठं काम निघालं तेव्हा ते आपल्या माणसाच्या हातून झालं, हे तुम्हीच ध्यानात आणून दिलं, बरं झालं.

गिरगावकर

अजून एक आडव्या वाटेने आलेला माणूस, नागपूरशी संबंध आला म्हणूनच सांगतो, स्कॉटलंडचा पॅट्रिक गेडिस. १९१५ ला नागपूर म्युनिसिपालिटीसाठी नगररचनेचा अहवाल लिहून गेला. शिक्षण काय? जीवशास्त्र! हक्स्लीचा विद्यार्थी. आर्किटेक्चरचा एक तास केलेला नाही आणि देशभरातली शहरं त्याला बोलवून राहिली होती (बघा, तुमच्यात बसून माझी भाषा बिघडली). पायी गल्ल्या फिरायचा, घरं पाडून रुंद रस्ते काढायला विरोध करायचा, जेवढं सडलंय तेवढंच कापा म्हणायचा. पुढे १९१९ ला मुंबई विद्यापीठात प्रोफेसर झाला. म्हणजे कागदाचा नियम प्रोफेसराला लागू नाही.

काळी_शाई

गोऱ्या प्रोफेसराला.

उपअभियंता_सेवानिवृत्त

ताई, एवढं कडू नका होऊ. मेडने १९४७ ला खुर्ची सोडली आणि त्यानंतर सीपीडब्ल्यूडीच्या, म्हणजे केंद्राच्या बांधकाम खात्याच्या, खुर्चीत गणेश भिकाजी देवळालीकर बसले, पहिला भारतीय प्रमुख. दिल्लीचं सुप्रीम कोर्ट त्यांचं, १९५८. त्याला घुमट आहे, खांब आहेत, दिल्लीची तीच भाषा. खुर्ची मिळाल्यावर आपला माणूस कमी पडला का?

काळी_शाई

नाही पडला. पण काका, खुर्ची रिकामी व्हायला साम्राज्य जावं लागलं, एवढंच म्हणते. आणि ज्यांना ती मिळाली नाही त्यांचा हात काही कमी स्वच्छ नव्हता.

बाकी डिग्रीचं आजही भिजत घोंगडं आहे. आर्किटेक्ट्स अॅक्ट १९७२ चा, त्याआधी कोणीही पाटी लावू शकत होता. आणि २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायद्याने आर्किटेक्ट हे नाव राखीव आहे, काम नाही. म्हणजे रजिस्ट्रेशन नसलेला माणूस घर डिझाइन करू शकतो, फक्त स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचं नाही. नातूसाहेब, तुमच्या आजोबांचंच उलटं झालं बघा. कामही केलं आणि नावही नाही.

ट्रेसरचा_नातू

सगळं दोनदा वाचलं. एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. आईला फोन करून विचारलं, काही गोष्टी तिने सांगितल्या त्या लिहितो.

आजोबा उमरेडकडचे, मॅट्रिक झाल्यावर मामाने इंजिनियरिंग स्कूलचा फॉर्म भरला कारण मामा स्वतः एका ओव्हरसियरकडे मुनीम होता. म्हणजे तर्रीभाऊंचं पहिलंच उत्तर बरोबर निघालं, छोटासा का होईना वशिला होताच. आर्किटेक्ट हा शब्द घरात कोणी उच्चारल्याचं आईला आठवत नाही. मोठं व्हायचं म्हणजे ओव्हरसियर व्हायचं. ज्याचं नावच माहीत नाही ते होण्याचं स्वप्न तरी कसं पडणार.

आणि ट्रेसिंगच्या कापडाची गोष्ट. बाद झालेले तुकडे आजोबा घरी आणायचे. आजी ते रात्रभर कोमट पाण्यात भिजवायची, खळ निघून गेली की आत इतकं तलम सुती कापड मिळायचं की आई आणि मावशी दोघींची झबली त्याचीच. आई म्हणे एका झबल्याच्या पाठीवर फिकट काळी रेघ शेवटपर्यंत गेली नाही, जिन्याच्या पायऱ्या होत्या त्या.

उपअभियंता_सेवानिवृत्त

खरं आहे! आमच्याकडे त्याचे रुमाल करायचे. कापडाची एक बाजू चकचकीत, एक मळकट. हात तेलकट असला की शाई धरत नसे, म्हणून आधी खडूची पूड चोळायची. पाण्याचा थेंब पडला की पांढरा डाग, दिवस वाया. चुकलं तर ब्लेडने खरवडायचं, तेही एकदाच, दुसऱ्यांदा भोक. मग त्यावरून फेरो प्रिंट काढायची, फ्रेम गच्चीवर उन्हात ठेवून, आणि नागपूरचं मे महिन्याचं ऊन असलं की चपराशी पायरीवरून उठायच्या आत उमटून जायची. निळ्यावर पांढऱ्या रेघा. मी लागलो तेव्हा अमोनियाच्या वाफेवरची प्रिंट आली होती, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

ते नळकांडं उघडायचं तर ओलं अजिबात करू नका. एका खोलीत दोन दिवस तसंच मोकळं ठेवा, मग हळूच उलगडा, कडांना पुस्तकं ठेवा. इस्त्री लावाल तर मी घरी येईन.

ट्रेसरचा_नातू

(तीन दिवसांनी)

उघडलं काका. इस्त्री नाही लावली.

हायकोर्ट नाही. कारकुनांसाठीची सायकल शेड आहे 😂 साधारण तीन फूट लांब शीट, एका इंचाला आठ फूट स्केल, वर पत्र्याचं छप्पर, खाली ओळीने हुक. मी मोजले, ४८ सायकली. पण काय रेघा आहेत हो! पत्र्याची प्रत्येक पन्हाळी वेगळी काढलीय, आणि उत्तर दिशेचा बाण असा नटवलाय की जणू राजवाडाच आहे. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट, ड्रॉन समोर कोणाची तरी आद्याक्षरं, ट्रेस्ड समोर आजोबांची दोन अक्षरं, चेक्ड समोर तिसरीच, आणि सगळ्यात खाली साहेबाची सही, चौकटीच्या बाहेर गेलेली. मागच्या बाजूला पेन्सिलीने दुधाचा हिशोब.

आईला फोटो पाठवला. ती म्हणाली, मग हायकोर्टात लोक सायकल कुठे लावायचे? म्हणजे तिचं म्हणणं अजून तेच आहे.

सावजी_तर्री

आईंचा मुद्दा कोर्टात टिकेल.

काळी_शाई

४८ सायकली म्हणजे बऱ्यापैकी मोठं ऑफिस. ती पन्हाळी रुलिंग पेनने एकेक काढायची म्हणजे अर्धा दिवस फक्त छप्पर. फोटो मोठा टाका ना, बाण बघायचाय.

उपअभियंता_सेवानिवृत्त

प्लॅन आणि एलेव्हेशन झालं. सेक्शन कुठाय? पाया किती खोल धरलाय बघू. नागपूरच्या काळ्या मातीत शेड उभी करायची म्हणजे गंमत नाही.

ट्रेसरचा_नातू

सेक्शन डाव्या कोपऱ्यात आहे काका, पण घडीवर आलाय. उद्या दिवसा उजेडात फोटो काढून टाकतो.